न तोडलेली झाडं

जंगलाच्या व्यवस्थापकांनी चहाचा कप खाली ठेवला आणि छातीवर हात ठेवून सांगितलं, “कड्यावरचं सगळं जुनं जंगल आम्ही तोडायला काढलं होतं, साहेब. पण मोह आवरला. तेवढा कार्बन झाडांतच राहिला. तो आम्ही वाचवला, असं दाखल्यावर लिहा.”

झाडांतला कार्बन मोजून, तोड टाळल्याबद्दल पैसे मिळवून देणारा दाखला द्यायला आलेले साहेब मान डोलावत लिहून घेत होते. बशीत बिस्किटं मांडता मांडता व्यवस्थापकांच्या बायकोला हसू दाबावं लागलं. त्या कड्यापर्यंत ट्रक सोडा, करवत घेऊन माणूससुद्धा पोचत नाही. रस्ता जिथवर जातो, तिथवरचं रान यांनी कधीच बोडकं करून टाकलं होतं. आणि आता न जमलेल्या पापाचं पुण्य मागत बसले होते, तेही इस्त्रीचा शर्ट घालून.

“असा संयम सगळ्यांना नाही जमत,” साहेब कौतुकाने म्हणाले.

झालं, व्यवस्थापकांना चेव चढला. “स्वभावच आहे हो माझा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दुसऱ्या बाईकडे कधी मान वर करून पाहिलं नाही. हवं तर विचारा हिला.”

साहेबांनी हसून तिच्याकडे पाहिलं. तिने बिस्किटांची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

“खरं आहे,” ती म्हणाली. “तेही कड्यावरच्या झाडांसारखंच, साहेब. तिथंही यांना जायला रस्ता नव्हता.”