कड्यावरची बाई

दिवे मालवायच्या आधीच हेतलला ती दिसली. डावीकडून तिसरी रांग, हिरवं लुगडं, मांडीवर घट्ट धरलेली कापडी पिशवी. सव्वा वर्षापूर्वी एकदाच पाहिलेला चेहरा, पण तो चुकणं शक्य नव्हतं.

पालघरच्या त्या सभागृहात दीडशे बायका जमल्या होत्या. कुणी सायकलवरून घाट पार केलेली, कुणी खाडी पोहून गेलेली, कुणी पन्नाशीनंतर गड चढायला लागलेली. अशांवरच्या छोट्या छोट्या फिल्म दुपारभर दाखवायच्या होत्या. हा सगळा घाट घातला होता वर्षाराणीने. शेवटची फिल्म हेतलवर होती.

"वर्षा, ती तिसऱ्या रांगेत कोण गं?" हेतलने जमेल तितक्या साध्या आवाजात विचारलं.

"ठमीताई. सफाळ्याच्या वरच्या पाड्यावरच्या. वर्षभर झालं, डोंगरात येणाऱ्या मुलींना वाट दाखवतात. त्यांचाही सत्कार करू म्हटलं. ओळखतेस?"

"नाही."

अंधार झाला. पडद्यावर पहिली फिल्म सुरू झाली, पण हेतलला दिसत होता तो कडा.

हेतल बोईसरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला, दीपाली शिरगावला शिक्षिका. सुट्टी मिळाली की दोघी डोंगरात. त्या सकाळीही दोघीच होत्या. कड्यावरून जाताना दीपालीचा पाय सटकला आणि पंधरा फूट खाली एका झुडपात अडकून ती लोंबकळत राहिली. डोक्याला मार लागून शुद्ध हरपलेली. दोर हेतलच्या पाठीवर होता. गिर्यारोहणाचं शिक्षण घेतलेली तीच होती. पण तिचे पाय जागचे हलेनात. ती नुसती किंचाळत राहिली.

मग ही बाई धावत आली. कुठून, ते कळलंच नाही. डोक्यावर मोळी नव्हती, हातात कोयता नव्हता, पायही अनवाणी. "जिती हाय ना ती?" एवढंच तिने विचारलं. दोराचं टोक झाडाला बांधायला लावलं, लुगडं खोचलं आणि उतरली. तिने खालून दीपालीला दोरात बांधलं, वर येऊन हेतलबरोबर ओढून घेतलं. दीपाली वर आली तशी ती बाई तिला पोटाशी धरून हमसाहमशी रडली. घाबरली असेल, हेतलला वाटलं. थोड्या वेळाने खालून माणसांचे आवाज आले. बाई उठली. लांब कड्याच्या अगदी टोकाशी तिच्या चपला शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या होत्या. त्या तिने पायांत घातल्या आणि झाडीत दिसेनाशी झाली.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर दीपालीने विचारलं होतं, "तू उतरलीस माझ्यासाठी?"

हेतल रडत होती. नाही म्हणायचं राहून गेलं.

मग वार्ताहर आला. मग हारतुरे आले. एकदा राहून गेलेलं रोज राहून जायला लागलं. आणि फिल्मच्या वेळी तर तिने कॅमेऱ्यासमोर स्वतःच्या तोंडाने सांगितलं, "मी उतरले. दुसरा विचारच केला नाही."

ते वाक्य आता सभागृहभर घुमलं. टाळ्या पडल्या. हेतलने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. ठमी टाळ्या वाजवत नव्हती. पडद्याकडे एकटक बघत होती.

दिवे लागले. वर्षाराणीने हेतल आणि दीपालीला मंचावर बोलावलं आणि पाठोपाठ, "त्याच डोंगरातल्या आपल्या ठमीताई!" ठमी सावकाश पायऱ्या चढून आली.

"ठमीताई, त्या दिवशीची गोष्ट तुमच्या पाड्यावर कळली होती का?"

ठमीने माइक दोन्ही हातांनी धरला. "कळायचं काय? मी तिथंच होती."

आपणच बोलावं, आत्ताच बोलावं, असं हेतलच्या मनात आलं. पण त्या कड्यावर पाय हलले नव्हते तशी आता जीभ हलेना.

ठमीने दोघी उभ्या होत्या तिकडे हात केला. "या पोरीनं वाचवलं," ती म्हणाली. "ही नसती तर त्या दिवशी एक बाय मेली असती."

सगळ्या बायका उठून टाळ्या वाजवू लागल्या. दीपालीने हेतलला मिठी मारली. हेतलला ती मिठी सोसवेना.

चहाच्या गर्दीतून वाट काढत तिने ठमीला फाटकाबाहेर गाठलं.

"ठमीताई, मला माफ करा. मी आत जाते आणि सगळ्यांना खरं सांगते. तुम्ही उतरला होतात."

"नको सांगू."

"का? हा मान तुमचा आहे. माझ्यासाठी तुम्ही कशाला खोटं बोललात?"

"मी खोटं नाय बोलली." ठमीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "माजं नाव सांगशील तर लोक इचारतील, तू तवा तिथं कशाला गेलतीस?"

"मग सांगायचं, लाकडाला गेले होते. त्यात काय?"

आतून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता.

"मगाशी माजा हात तुज्याकडं नव्हता, बाय. दीपालीकडं व्हता," ती म्हणाली. "मी जीव द्याया चढली व्हती. ही लटकलेली दिसली, म्हनून मागं फिरली."