अंगठ्याचे माप

त्याच्या वडिलांचे दुखणे उजव्या अंगठ्यापासून सुरू झाले होते. आधी अंगठा झिजला, मग हात, आणि पुढे सारा माणूसच. म्हणून बोटे आत घालून घरंगळत सोडायच्या बोलिंगच्या जड चेंडूला त्याने आपल्या अंगठ्याच्या नेमक्या मापाचे भोक पाडून घेतले होते. खेळ हे केवळ निमित्त. दर रविवारी त्या भोकात अंगठा घट्ट बसला, की त्याचा जीव भांड्यात पडे.

या रविवारी मात्र अंगठा आत जाईचना. बायकोला घेऊन त्याने भोके पाडून देणाऱ्या मिस्त्रींचे दुकान गाठले.

"सूज असेल का हो ही?"

"वहिनींचं जेवण अंगी लागलंय, दुसरं काय," मिस्त्री हसले. ती हसली नाही.

मिस्त्रींनी भोकात बॅटरीचा उजेड टाकला आणि चिमट्याने आतल्या चिकटपट्ट्या एकेक करून ओढून काढल्या. "भोक सैल झालं की लावतात त्याच ह्या. जरा जास्त झाल्या होत्या. आता घाला अंगठा."

त्याने घातला. अंगठा कुठेही न टेकता आत गेला आणि नुसताच हलत राहिला.

"पण मी आजवर एकही पट्टी लावलेली नाही," तो म्हणाला.



बायकोने त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. "काल माझा अंदाज चुकला," ती म्हणाली, "एक पट्टी जास्त लावली गेली."