बारीक तारा

तिसरी तार तुटली ती देवरावाच्या गालावर सपकन बसली. रक्त आलं. त्यानं ते मनगटानं पुसलं आणि दुर्गच्या बाजारातून आणलेल्या भेंडोळ्यातून नवी तार ओढली.

"तारच खोटी देली त्या दुकानदारानं," तो म्हणाला.

भागाबाई चुलीजवळ तांदूळ निवडत होती. नवऱ्याचा हा उद्योग ती सकाळपासून पाहत होती. देवराव पोलादाच्या कारखान्याच्या बांधकामावर खलाशांच्या टोळीचा जमादार. लोखंडी गर्डर क्रेननं वर चढवायचे, हे त्याचं काम. वाद्य त्यानं कधी हातात धरलं नव्हतं. मांडीवरचं हे सुरमंडळ धोंडबाचं होतं, त्याच्या टोळीतल्या दोस्ताचं. एका फळीवर ओळीनं ताणलेल्या तारा, एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला बारीक होत गेलेल्या. खुर्सीपारच्या वस्तीतल्या भजनात धोंडबा ते छेडून गायचा. बाईसारखा उंच, पातळ गळा होता त्याचा.

पावसाळ्याआधी धोंडबा गेला. नव्या भट्टीच्या सांगाड्यावर दोन गर्डरांच्या मध्ये सापडला. खाली उभं राहून क्रेनवाल्याला हाताची खूण देवरावच देत होता. बाकीचे लांब होते. चौकशीत साहेबानं विचारलं तेव्हा देवरावानं छातीवर हात ठेवून सांगितलं, "त्यानं आवाज देला नाई, साहेब. देला असता तर मी क्रेन थांबवली नसती का?"

चूक धोंडबाची ठरली.

धोंडबाच्या बायकोनं, पंचफुलानं, ते मानलं. ती रडली नाही. "कामावर बी भजनातच ध्यान राहे त्याचं. लेकरं वाऱ्यावर टाकून गेला," एवढंच म्हणाली आणि सुरमंडळ अंगणातल्या लाकडांवर फेकून दिलं. तारा गंजल्या, तुटल्या. देवरावाला ते पाहवलं नाही. नीट करून भजनवाल्यांना द्यावं म्हणून तो ते घरी घेऊन आला होता.

जाड तारा सकाळीच बसल्या होत्या. तार खुंटीला गुंडाळायची, चावीनं पिळायची, शेजारच्या तारेपेक्षा जराशी चढी लावायची. तेवढं त्याला जमलं. अडलं ते बारीक तारांशी.

त्यानं नवी तार ओवली. चावी फिरवली, छेडून पाहिलं, मान तिरपी केली. पुन्हा फिरवली. भागाबाईच्या कानात तो सूर सुईसारखा चढत गेला.

"बस करा, आता तुटंन!" ती म्हणाली.

तो पिळतच राहिला. तार तुटली.

"हे पाय बरं," तो चिडून म्हणाला, "अजून वाजत बी नोती, अन् तुटली."

भागाबाईचा सुपातला हात थांबला. ती उठली. त्याच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली.

त्यानं मान वळवली नाही.

उखाणा सोडला तर नवऱ्याचं नाव तिनं कधी तोंडातून काढलं नव्हतं. तिनं पदर घट्ट धरला.

"देवराव!"

तो भेंडोळ्यातली तार सोडवत बसला होता.

तिनं त्याच्या खांद्याला हात लावला आणि समोर येऊन बसली. धोंडबाच्या हातची एक बारीक तार अजून शाबूत होती. तिनं ती छेडली.

"आलं आयकू?"

"काय?"

तिनं पुन्हा छेडली. देवराव खाली वाकला. तार थरथरताना त्याला दिसली. त्यानं तारेवर बोट ठेवलं आणि चटका बसल्यासारखं उचललं.

"वाजून राहिली?"

"झनझन वाजून राहिली."

"जाड्या तं आयकू येते मले."

"जाड्याच येते तुमाले."

तरणेपणी रेल्वेच्या पुलांवर त्यानं रिबिटा ठोकल्या होत्या. हातोड्यांच्या दणदणाटात ऐन उमेदीची वर्षं गेली होती. बायका हळू बोलतात, पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात, असंच त्याला अलीकडे वाटत असे. त्यानं एक जाड तार छेडली, मग पुन्हा ती बारीक. मग त्याचा चेहरा एकदम उतरला.

"भागे," तो म्हणाला, "धोंडबानं मले आवाज देला असंन."

भागाबाईला ते आधीच उमगलं होतं. तिनं उठून दार लोटलं. परत येऊन ती त्याच्या तोंडासमोर बसली.

"कोणाले काई सांगू नका. काम जाईन. तुमी सांगतल्यानं धोंडबाभाऊ का वापस येनार हाय?"

देवराव तिच्या ओठांकडे पाहत होता.

"अन् उद्या दुसरा कोणी वरून वरडला तं?"



सकाळी कामावर जाताच तो साहेबासमोर उभा राहिला. कानाचं सांगितलं, चौकशीतला आपला शब्द मागं घेतला. साहेबानं त्याला तिथल्या तिथं क्रेनखालून काढलं. पुढचं पाहू म्हणाला. देवराव तडक घरी आला आणि भागाबाईला घेऊन पंचफुलाच्या झोपडीवर गेला.

पंचफुला अंगणात लाकडं फोडत होती. देवरावानं हात जोडले.

"वहिनी, मी बहिरा झालो हाव. मले मालूम नोतं. धोंडबानं आवाज देला असंन. वरून गळा फाडून देला असंन. मलेच आयकू आला नाई. तो चुकला नोता, वहिनी."

 पंचफुलाच्या हातातली कुऱ्हाड खाली पडली. ती तिथंच लाकडांत बसली आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदा तिनं हंबरडा फोडला, इतक्या उंच आवाजात की आजूबाजूच्या झोपड्यांतून बाया धावत आल्या.

देवरावाला तिचं रडणं नुसतं दिसत होतं.