गाळलेला भाग

आईला जाऊन आठवडाही झाला नव्हता. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते. रडून रडून मावशीचा आवाज बसला होता. माझ्या डोळ्यांतून टिपूसही आलं नव्हतं.

"एवढं काय अडलंय गं तुझ्यावाचून?" तिने विचारलं.

"एका ताऱ्याचं आयुष्य मांडतेय. लहानसा आणि फार जुना आहे, त्यात धातू जवळजवळ नाहीतच. अशा ताऱ्याच्या पोटात म्हातारपणी एकदम भडका उडतो. बाहेरून काही कळत नाही."

"माझ्याही उडतो. पुढे?"

"तिथे आमचं गणित अडकतं. म्हणून भडक्याच्या आधीच थांबायचं आणि थेट नंतरचा, शांत झालेला तारा घेऊन पुढे मांडत जायचं."

"आणि मधलं?"

"गाळायचं. बरेचजण तसंच करतात."

"ताऱ्याला येतं का ते गाळता?"

"नाही," वर्गात सांगावं तसं मी सांगितलं. "त्याला त्यातून जावंच लागतं."

मावशीने आईची खुर्ची ओढली. इतके दिवस मी तिथे कुणाला बसू दिलं नव्हतं. ती बसली आणि तिने हळूच लॅपटॉप मिटला.

"होऊ दे आता," ती म्हणाली. "मी बसलेय इथे."