आदर्श सुनेचं मानपत्र

शाल खांद्यावर पडली, हातात नारळ आला आणि रविराजने मानपत्र वाचायला घेतलं. नाशिक रोडच्या कॉलनीतला महिला दिन. हॉल गच्च. यंदाची ‘आदर्श सून’ उज्वला, आणि मानपत्र लिहिणारा तिचाच धाकटा दीर, खास पुण्याहून आलेला.

“आमच्या वहिनी म्हणजे घराचा कणा!”

टाळ्या पडल्या. उज्वला लाजली. का नाही लाजणार? घरात आजवर कुणी तिच्या भाजीलासुद्धा छान म्हटलं नव्हतं.

“आईची औषधं, पथ्यपाणी, दवाखाना. पण वहिनींनी कधी तोंडातून ब्र काढला नाही!”

हे जरा खटकलं. ब्र तर तिने परवाच काढला होता, याच दिरापाशी, फोनवर. वणीला तिची आई घसरून पडली होती, खुबा मोडला होता, जवळ कुणी नव्हतं. “भाऊजी, दोनच महिने आईंना पुण्याला न्या. मला माझ्या आईकडे जाऊ द्या.”

“बघतो, वहिनी,” तो म्हणाला होता.

“पुण्याची हवा आईला मानवत नाही,” रविराजचा आवाज चढला. “वहिनींशिवाय तिला घास उतरत नाही. आणि वहिनींनी वसाच घेतलाय, आईला एक दिवस अंतर देणार नाही!”

पुण्याची हवा? सासूबाई पुण्याला राहिल्या तरी कधी? आता उज्वलाच्या लख्ख ध्यानात आलं. फोनवर द्यायला जड गेलेला नकार त्याने माइकवरून दिला होता, साखरेत घोळवून. अख्ख्या कॉलनीसमोर तिला कुलूप घालून मेला मोकळा झाला! तिला संताप आला, रडू आलं. पण अंगावर शाल होती आणि समोर नवरा योगेश मोबाईलवर शूटिंग करत होता.

“वहिनी, दोन शब्द!” रविराजने माइक पुढे केला.

काय बोलणार कपाळ! आता वणीचं नाव काढलं, तर उद्या दारोदार तिचाच उद्धार होणार.

“धन्यवाद,” ती म्हणाली. लोक उभं राहून टाळ्या वाजवायला लागले.

खाली उतरून ती पहिल्या रांगेतल्या सासूबाईंच्या पाया पडली. सिंधुबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. या तरी खूश झाल्या, उज्वलाला वाटलं.

त्यांनी तिचा हात धरला, तो सोडेचनात.

“मानपत्र वाचायला बरा आला गं पुण्याहून,” त्या हळूच म्हणाल्या. “मला न्यायला कधी आला नाही.”