बरा झाला

"आता कसा आहे हो तुमचा भाऊ?" मागच्या रांगेतल्या आजींनी माइक दोन्ही हातांत घट्ट धरून विचारलं. "चित्रपटात फार खोकत होता बिचारा. नंतर दिसलाच नाही. माझ्या जिवाला घोर लागलाय."

सभागृहात थोडी खसखस पिकली. थाई स्वतंत्र चित्रपटांचा हा महोत्सव परदेशात भरला होता. सकाळपासून जाणकारांनी कॅमेऱ्याबद्दल विचारलं, प्रकाशाबद्दल विचारलं, शांततेच्या सौंदर्याबद्दल तर पुन्हा पुन्हा विचारलं. माणसाची चौकशी करणाऱ्या या आजी पहिल्याच.

मंचावर तरुण दिग्दर्शक बसला होता. शेजारी दुभाषी बाई. तीही मूळची त्याच्याच देशातली, लग्न करून इकडे आलेली. तिने त्याला प्रश्न सांगितला. त्याने मान खाली घातली आणि एकच शब्द उच्चारला, "हाय."

थाई भाषेत या शब्दाला दोन अर्थ आहेत. आजारी माणूस बरा झाला, तरी 'हाय'. माणूस नाहीसा झाला, तरी 'हाय'. ताप गेला काय आणि माणूस गेला काय, भाषेला त्याचं सोयरसुतक नाही.

बाईला मात्र अर्थ पक्का ठाऊक होता. सकाळी चहा घेताना त्याने तिला सगळं सांगितलं होतं. चित्रपटात खोकतो तो त्याचा सख्खा थोरला भाऊ. तोही चित्रीकरण करायचा, आणि नको तिथे करायचा. साध्या कपड्यांतली माणसं 'जरा विचारपूस करायची आहे' म्हणून त्याला घेऊन गेली. तो परत आलाच नाही. आईने पोलिसांत तक्रार दिली. ती मागे घ्या म्हणून तिच्यामागे सारखा तगादा. आई कुणाला दाद देत नाही.

"तक्रार आहे तोवर त्यांना शोधावंच लागेल, असं म्हणते ती," तो म्हणाला होता. "तेवढ्यावरच जगतेय, ताई."

"आणि हे तू इथे बोलणार?"

"कुणी विचारलं तर. त्यासाठीच तर आलोय."

आता कुणीतरी विचारलं होतं. आणि पहिल्या रांगेत त्यांच्या देशाच्या वकिलातीतला साहेब पायावर पाय टाकून बसला होता. महोत्सवाचं उद्घाटन त्याच्याच हस्ते झालं होतं. त्याला दोन्ही भाषा येत होत्या. तो दिग्दर्शकाकडे नाही, बाईकडे बघत होता.

बाईला नाही नाही ते सुचू लागलं. पोरगा परवा परत जाणार. विमानतळावरच उचलला तर? तिची स्वतःची म्हातारी आईही तिकडेच होती, तिला भेटायला ती दर वर्षी जायची. बाईला त्याची काळजी वाटली, हे खरं. स्वतःची वाटली, हेही तितकंच खरं.

"बरा झाला," ती माइकमध्ये म्हणाली. "त्यांचा भाऊ आता अगदी बरा आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. आजींनी तर डोळे पुसले. दिग्दर्शकाला इथली भाषा कळत नव्हती. त्याला वाटलं, लोकांना कळलं. एवढी परकी माणसं आपल्या भावासाठी हळहळताहेत, या विचाराने त्याला भरून आलं. तो उभा राहिला, त्याने हात जोडले. बाईला त्याच्याकडे बघवलं नाही. निभावलं एकदाचं, असं तिने मनाला समजावलं.

साहेब फोन कानाला लावून बाहेर गेला.

दुपारी जेवणाच्या वेळी तो हसतमुखाने त्यांच्या टेबलाशी आला. दिग्दर्शकाचा हात हातात घेऊन थाईमध्ये म्हणाला, "अभिनंदन. भाऊ बरा झाला, ऐकून समाधान वाटलं. भर सभेत तुम्हीच सांगितलंत, म्हणजे तक्रारीचा प्रश्नच मिटला. मी तिकडे लगेच कळवलं. आईंना ताबडतोब निरोप द्यायला सांगितलाय."

साहेब गेला. दिग्दर्शक बाईकडे वळला.

"ताई, तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

काहीतरी बोलायला बाईने तोंड उघडलं, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. आईचा होता. आजूबाजूच्या गलक्यात ऐकू येईना, म्हणून त्याने स्पीकर लावला.

"अरे, पोलीस येऊन गेले!" आई हसत होती की रडत होती, समजत नव्हतं. "बरा आहे म्हणाले. तूच सांगितलंस म्हणे. सही मागितली, दिली मी करून. आता कशाला हवी ती तक्रार? तुझ्याजवळच आहे ना तो? दे त्याला फोन. दे ना. मी रागावणार नाही म्हणावं."