किल्ल्यावरच्या गूळपोळ्या

तारापूरला अणुभट्टीचं काम नुकतंच निघालं होतं. संक्रांतीनंतर आम्ही बैलगाडीने तिथला किल्ला बघायला गेलो. दरवाजाशीच आजी आईला म्हणाली, "सुनेला कशाला हवेत बुरूज? तू शिदोरी राख." दरवर्षी हेच.

भुकेने कासावीस होऊन सगळे परतले, तेव्हा आई गूळपोळ्यांच्या टोपलीत हात घालून बसली होती.

"सासूबाई, मला आत्ताच कावळा शिवला."

"आणि सगळ्याला हात लावलास? हो लांब!"

आई टोपली उचलून, जाताजाता मलाही शिवून, थेट बुरुजावर गेली. आम्ही दोघींनी समुद्राकडे बघत पोटभर खाल्लं.

श्रावणात मला भाऊ झाला, चांगला पुऱ्या दिवसांचा. बारशाला आजी बोटांवर महिने मोजत बसली होती.

"घ्या सासूबाई घुगऱ्या," आई म्हणाली. "आज माझ्या हातचं चालेल."